सुरत महानगरपालिकेच्या २८ मजली नव्या मुख्यालयाचा सामान्य माणसाला उपयोग होईल का?

सुरत महानगरपालिका रिंग रोडवर बांधत असलेल्या जुळ्या मनोऱ्यांमुळे शहराच्या लिंबायत भागात राहणाऱ्या आपल्या खानदेशी नातेवाइकांची कामे सोपी होतील, की हा सारा खर्च दिमाखासाठी आहे, असे आपण विचारले आहे. मी उधन्यात राहतो आणि हिशेबनिसाच्या व्यवसायामुळे महापालिकेच्या कार्यालयांत माझे नेहमी जाणेयेणे असते. इमारत गरजेची आहे, असे माझे मत आहे. मात्र सुरतच्या कारभाराचे खरे बळ झोन, म्हणजे विभागीय, कार्यालयांत आहे, आणि नवे मुख्यालय ते अधिकार पुन्हा स्वतःकडे ओढून घेणार असेल, तर सामान्य माणसाला त्यातून तोटाच होईल.

गरज का आहे, हे मुगलीसरा पाहिल्यावर कळते. महापालिकेचे आजचे मुख्यालय ज्या वास्तूत आहे, ती १६४४ साली, शहाजहानच्या काळात, हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी मुसाफिरखाना म्हणून बांधली गेली आणि १८६७ पासून तिच्यात नगरपालिकेचा कारभार चालू आहे. १९६६ मध्ये महानगरपालिका झाली, २०२० च्या हद्दवाढीनंतर शहराचे क्षेत्रफळ ४६० चौरस किलोमीटरच्या घरात गेले, तरी कारभाराचे केंद्र त्याच चौकात, जोडइमारती उभारत, दाटीवाटीने राहिले. आजूबाजूचे रस्ते जुन्या शहराचे, अरुंद. वाहन लावायला जागा मिळणे कठीण. रिंग रोडवरील जुन्या सबजेलच्या जागेवर शंभर मीटरपेक्षा उंच असे हे दोन मनोरे उभे राहत आहेत. त्यांपैकी एक महापालिकेसाठी आणि दुसरा राज्य व केंद्र सरकारच्या कार्यालयांना भाड्याने देण्यासाठी, अशी योजना आहे. एका कागदासाठी तीन ठिकाणी फिरावे लागणाऱ्या माणसाला याचा उपयोग होईल, हे मान्य केलेच पाहिजे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून निघाली. त्यांत आपल्या जळगाव-धुळ्याकडची, कापडाच्या कारखान्यांत काम करणारी कितीतरी कुटुंबे होती. त्यानंतर, १९९५ मध्ये, एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी अवघ्या दोनेक वर्षांत या शहराचे रूप बदलले. त्यांनी शहराच्या सहा झोनच्या प्रमुखांना मोठे आर्थिक व प्रशासकीय अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांनी रोज वातानुकूलित खोलीतून बाहेर पडून रस्त्यावर, गटारांपाशी, वस्त्यांमध्ये उभे राहून काम पाहावे, असा दंडक घातला. ‘एसी टू डीसी’ (एअर कंडिशनर टू डेली चोअर्स, म्हणजे थंड खोलीतून रोजच्या कामांकडे) या नावाने ही पद्धत प्रसिद्ध झाली. तुंबलेल्या गटाराची तक्रार मुगलीसऱ्यापर्यंत जाऊन फायलीतून परत येण्याची वाट पाहावी लागत नव्हती. झोनचा अधिकारी तेथेच निर्णय घेत असे. पुढच्याच वर्षी स्वच्छतेत चंडीगढच्या खालोखाल सुरतचे नाव घेतले जाऊ लागले. हे यश नवी इमारत न बांधता मिळाले होते, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांनी आज ते ठासून सांगायला हवे.

माझी काळजी नेमकी येथे आहे. सर्व खातेप्रमुख एका मनोऱ्यात, उत्तम दालनांत, एकमेकांच्या शेजारी बसू लागले की निर्णय वर पाठवण्याची सवय आपोआप लागते. झोनचा अधिकारी बैठकीसाठी सारखा मुख्यालयात जाऊ लागतो, आणि लिंबायतच्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला “साहेब मीटिंगला गेलेत” हे उत्तर ऐकावे लागते. मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेत मुलाला घालणारी आई असो, की वेराबिलातील, म्हणजे महापालिकेच्या कराच्या बिलातील, चूक दुरुस्त करून घेणारा लूम कारागीर, एका खेपेला त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आपल्या नातेवाइकांना माझा सल्ला असा की, जन्म-मृत्यूचे दाखले, वेरा भरणे आणि तक्रारी यांसाठी आजही जवळचे सिव्हिक सेंटर (महापालिकेचे नागरी सुविधा केंद्र) आणि झोन कार्यालय हीच योग्य जागा आहे. मनोरा पूर्ण झाल्यावरही ती कामे तेथेच झाली पाहिजेत, असा आग्रह त्यांनी आपल्या नगरसेवकाकडे धरावा.

जागेची निवड मात्र मला मनापासून पटते. मजुरा गेट येथे सुरत मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना मिळणार आहेत आणि नवी इमारत त्या परिसरातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या डायमंड बोर्सचा, म्हणजे हिरे व्यापाराच्या संकुलाचा, अनुभव आपल्यासमोर आहे: ६७ लाख चौरस फुटांची भव्य वास्तू शहराच्या टोकाला उभी राहिली, पण महिधरपुरा आणि वराछाचे व्यापारी लगेच तिकडे गेले नाहीत. कार्यालय लोकांच्या वाटेवर असावे लागते.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी मला अत्यंत महत्त्वाच्या वाटतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यामुळे जनित्रे, विजेचे पॅनेल, सर्व्हर आणि जुने दप्तर यांपैकी काहीही तळघरात ठेवता कामा नये. दुसरी गोष्ट आगीची. २४ मे २०१९ रोजी सरथाण्यातील तक्षशिला आर्केडच्या आगीत २२ जीव गेले, त्यांतील बहुतेक शिकवणीला आलेली मुले होती, आणि ती इमारत मनोरा म्हणावी अशी उंचही नव्हती. मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तेव्हा माणसे गेलीच, शिवाय हजारो फायलीही नष्ट झाल्या. २८ मजल्यांच्या इमारतीत अभ्यागतांची सर्व कामे खालच्या दोन-तीन मजल्यांवर ठेवली, तर लिफ्टसमोरच्या रांगा टळतील आणि संकटाच्या वेळी वृद्ध माणसांना जिन्याने लवकर बाहेर पडता येईल. आराखड्यात मजल्यांचे वाटप बदलणे अजून शक्य आहे, तोवर हे मागून घेतले पाहिजे.

राहता राहिली मुगलीसरा. जवळजवळ पावणेचारशे वर्षांची ही वास्तू कार्यालये हलल्यावर कुलूप लावून सोडून दिली जाऊ नये. तिच्यातील नंतरच्या काळात घातलेल्या आडभिंती आणि पत्रे काढून मूळ चौक मोकळा करावा, आणि जुन्या शहरातील रहिवाशांसाठी एक सिव्हिक सेंटर तेथेच चालू ठेवावे.