गोठ्यापर्यंतची केबल आणि मार्चमधला हप्ता

प्रश्न: मी ६२ वर्षांचा, राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त. राहायला नागपुरात, त्रिमूर्तीनगरला. कळमेश्वरजवळ पाच एकर वावर आहे, त्यात संत्र्याची बाग. वावरात दोन खोल्यांचं घर, गोदाम, गोठा आणि गोठ्याला लागून सालगड्याची खोली. मीटर घरगुती, रस्त्याकडच्या खांबाजवळ. तिथून घर १६० मीटर, पुढे गोदाम आणि गोठा मिळून आणखी ७० मीटर. चौदा वर्षांपूर्वी घराच्या फिटिंगला वापरतात तीच ४ एमएमची तांब्याची वायर पीव्हीसी पाइपात घालून फूटभर खोल पुरली होती. आता कडबाकुट्टी सुरू केली की दिवे मंद होतात. या पावसाळ्यात गोठ्यात म्हशीला करंट लागला. ठेकेदाराने थ्री-फेज, तांब्याची आर्मर्ड (धातूच्या तारांचं कवच असलेली) केबल आणि नवे पॅनल धरून ४ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलं आहे. मुलगा म्हणतो, याच खर्चात गोदामाच्या दोन एसी खोल्यांची सोय करून ठेवू. कृषी पर्यटनाचे महिन्याला ६० हजार येतील. पेन्शन ४१,५०० रुपये, एफडी १८ लाखांच्या, बचत खात्यात दीडेक लाख. मार्चमध्ये पॉलिसीचा ५ लाखांचा हप्ता भरायचा आहे, म्हणून एफडी मोडायची नाही. गेल्या मार्चमध्ये बँकेत ही पॉलिसी घेतली तेव्हा एकदाच भरायचे आणि दुप्पट मिळणार असं समजलो होतो. दरवर्षी भरायचे हे नंतर कळलं. पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे. केबलसाठी बायकोच्या सोन्यावर कर्ज घ्यावं की पर्सनल लोन?

उत्तर: केबलचं आधी सांगतो. ते सोपं आहे आणि थांबण्यासारखं नाही. केबल बदला. कर्ज दोन्हींपैकी एकही नको. आणि खर्च ४ लाख ४० हजारही नको.

त्याहीआधी एक काम आजच करा. सालगड्याला फोन करून गोठ्याची लाइन घरातूनच बंद करायला सांगा. जनावर चार पायांवर, ओल्या जमिनीवर उभं असतं. माणसाला जाणवणारही नाही एवढ्या गळतीचा त्याला झटका बसतो. म्हशीला लागला तो इशारा समजा. त्याच भिंतीपलीकडे एक कुटुंब झोपतं. नवी केबल पडेपर्यंत तिथे चार्जिंगचा दिवा चालेल.

दिवे मंद का होतात, तेही बघा. १६० मीटर म्हणजे जाऊन-येऊन ३२० मीटर तार. ४ एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) तांब्याला एवढ्या लांबीत दीड ओहमच्या आसपास रोध येतो. घर, गोदाम, कुट्टी मिळून २० ॲम्पियर ओढले की ३० व्होल्ट वाटेतच गेले. मीटरवर २३० असले तरी घरी २०० पोचतात, आणि कुट्टीची मोटर सुरू होताना त्याहून कमी. ही वायर जमिनीत पुरण्यासाठी बनलेलीच नाही. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाइपाचे जोड ओढले जातात, पाणी आत शिरतं. फूटभर खोलीवर पलटी नांगरही सहज पोचतो.

पण यावर तांब्याची थ्री-फेज केबल हे उत्तर नाही. तुमच्या कामाला सिंगल फेज पुरतं. २५ एमएमची ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल घेतली तर त्याच २० ॲम्पियरला १६० मीटरवर जेमतेम ८ व्होल्ट पडतात. मीटरला २०० रुपये धरा, २३० मीटरचे झाले ४६ हजार. चर खणणं, खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि धोक्याची पट्टी, ४० हजार. गोठा आणि घर दोन्हीकडे स्वतंत्र अर्थिंग, ३० मिलीॲम्पियरचे आरसीसीबी (गळती होताच लाइन तोडणारे स्विच), डब्या, मजुरी मिळून ६० हजार. म्हणजे दीड लाख. थोडं इकडेतिकडे होईल, पण ४ लाख ४० हजार होणार नाही. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून याच कामाचं दुसरं कोटेशन घ्या. त्यात चराची खोली किमान पाऊण मीटर लिहून घ्या. आयएस १२५५ या भारतीय मानकात तेवढी सांगितली आहे. पैसे चर बुजवण्याआधी तुम्ही स्वतः टेप लावून मोजल्यावरच द्या. बुजवलेल्या चरात काय आहे ते नंतर कोणालाच दिसत नाही.

आणखी एक. चर उघडा असतानाच त्यात एक रिकामा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप टाकून ठेवा, तीस-चाळीस मीटरवर छोटी चेंबर ठेवून. पुढे खरंच जास्त वीज लागली तर पुन्हा खोदकाम नको.

या दीड लाखासाठी एक छोटी एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड व्याजदरात अर्धा-एक टक्का, म्हणजे वर्षाला फार तर दीड हजार. पर्सनल लोनचं एका महिन्याचं व्याज त्याच्या आसपास जाईल. वहिनींचं सोनं कपाटातच राहू द्या.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तुम्ही केबलबद्दल लिहिलंत, पण तुमचं घर ज्याने अडचणीत येणार आहे ती गोष्ट पत्रात जाता जाता आली आहे: मार्चचा हप्ता.

पॉलिसीचं पहिलं पान नीट वाचलं. दरवर्षी ५ लाख, १० वर्षं. विसाव्या वर्षी एक कोटी. दुप्पट हे खरं, पण किती वर्षांत? पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा. हिशेब केला तर वर्षाला साडेचार टक्के पडतात. तुमच्या साध्या एफडीवर याहून जास्त मिळतंय. एक कोटी हातात येतील तेव्हा तुम्ही ८१ वर्षांचे असाल, आणि महागाई सहा टक्के धरली तर ते आजच्या ३०-३२ लाखांइतके असतील.

हे झालं परताव्याचं. त्याहून गंभीर हे की हे हप्ते भरायला तुमच्याकडे पैसेच नाहीत. ४१,५०० गुणिले १२ करा: जवळपास ५ लाख. तुमचं वर्षाचं सगळं पेन्शन म्हणजे एक हप्ता. एफडीतून भरलात तर १८ लाखांतून तीन हप्ते जातील, चौथ्याला दोन लाख कमी पडतील. त्यानंतरचे पाच हप्ते, २५ लाख, कुठून येणार? बागेवर भिस्त ठेवू नका. संत्र्याचा अंबिया बहार (उन्हाळ्याआधीचा मोहोर) चांगला धरला आणि ऐन वेळी फळगळ झाली, तर वर्ष कसं जातं ते तुम्ही जाणता. वर्षाला ५ लाख पेन्शन असलेल्या निवृत्त माणसाला वर्षाला ५ लाखांचा हप्ता विकणं, हे ज्याने कोणी केलं त्याने तुमच्याकडे माणूस म्हणून पाहिलंच नाही. मला याची चीड येते. बँकेच्या काउंटरवर निवृत्तीचा चेक घेऊन गेलेल्या माणसाला ‘एफडीसारखंच आहे’ म्हणून वीस वर्षांचा विमा देणं सर्रास चाललंय, आणि त्याला फसवणूक याखेरीज दुसरं नाव नाही.

विम्याची तुम्हाला गरजही नाही. तुमच्यामागे वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, मुलगा कमावता आहे. करसवलतीचं सांगितलं असेल तर विमा रक्कम हप्त्याच्या दसपट आहे का ते पानावर पाहा. फोटोत तो भाग कापला गेलाय. साठीनंतरच्या पॉलिसीत ती बऱ्याचदा कमी असते, आणि मग मुदतीअंती मिळणारी रक्कमही करपात्र ठरते.

तुम्ही म्हणाल, भरलेले पाच लाख बुडतील. बुडाले असंच धरू, पूर्ण. उरलेले नऊ हप्ते पॉलिसीत न भरता सहा टक्क्यांनी कुठेही ठेवले, तरी त्याच विसाव्या वर्षी १ कोटी ९ लाख होतात. पाच लाख सोडूनही तुम्ही पुढे असता. आणि एखाद्या वर्षी पैसे नसले तर कोणी मागायला येत नाही.

प्रत्यक्षात सगळे बुडू नयेत म्हणून प्रयत्न करायचा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. ती मुदत गेली आहे. पण चुकीची माहिती देऊन विकल्याची तक्रार करता येते. विमा कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची आणि तुमच्या सहीच्या बेनिफिट इलस्ट्रेशनची (किती भरायचे, किती मिळतील याच्या तक्त्याची) प्रत लेखी मागवा. फॉर्ममध्ये तुमचं वार्षिक उत्पन्न आणि व्यवसाय काय लिहिलाय ते बघा. पेन्शनच्या जागी १५-२० लाखांचं उत्पन्न किंवा ‘व्यापार’ असं काही दिसलं, तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेला पत्र: एकदाच भरायचे असं सांगितलं, माझं उत्पन्न एवढं, ही पॉलिसी रद्द करून पैसे परत करा. पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

हे सुरू असताना चिडून पॉलिसी लगेच सरेंडर, म्हणजे मुदतीआधी बंद, करू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्ष संपल्यावर काही रक्कम परत मिळू शकते. तुमचं वर्ष मार्चमध्ये संपतं. सरेंडर केल्यास किती मिळतील, ते तेव्हा लेखी विचारा. आकडा तक्रारीच्या निकालापर्यंत बाजूला ठेवा.

मुलाच्या ६० हजारांबद्दल थोडक्यात. दोन खोल्या, रात्रीचे दोन हजार, महिन्यात पंधरा दिवस भरलेल्या, असा तो हिशेब असणार. मे महिन्यात ४५ अंशांत कळमेश्वरला मुक्कामाला कोण येईल? पेंचच्या जंगलात जाणारी गाडी जबलपूर हायवेने जाते, कळमेश्वरकडच्या काटोल रोडला वळत नाही. तुम्हाला हिवाळ्याचे शनिवार-रविवार मिळतील, तेही सुरुवातीला ओळखीतले. शिवाय घरगुती मीटरवर असा व्यवसाय चालवला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. मुलाला या डिसेंबर-जानेवारीत, संत्री झाडावर असताना, लोकांना दिवसभरासाठी बोलावून बघू दे. जेवण, बाग, बैलगाडी. पैसे देऊन कितीजण येतात ते कळेल. त्यावर खोल्यांचं ठरवा. पाइप आधीच जमिनीत असेल.

एफडी जशा मुदतीला येतील तशा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नेत जा. सध्या ८.२ टक्के व्याज आहे, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला खात्यात जमा होतं. १५ लाखांवर महिन्याला दहा हजारांच्या वर पडतील. पेन्शन आणि हे व्याज धरून तुमचं उत्पन्न नव्या करप्रणालीतल्या १२ लाखांच्या सवलतीच्या खूप आत आहे, म्हणजे करही नाही. एक लाख बचत खात्यात कायम राहू द्या, दवाखान्यासाठी.

शेवटचं काम या आठवड्यातलं. पॉलिसी घेताना तुमच्याकडून ऑटो-डेबिटच्या फॉर्मवर सही घेतलेली असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर मार्चमध्ये तुम्हाला न विचारता ५ लाख वळते होतील, आणि खातं एफडीशी जोडलेलं असेल तर एफडी आपोआप मोडूनही. बँकेत जाऊन ते मँडेट रद्द केल्याचा लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली प्रत घ्या. मुलाला सोबत न्या. तिथे तुम्हाला पुन्हा खुर्ची देऊन चहा पाजतील आणि ‘अजून एकच हप्ता भरा’ म्हणतील. भरू नका.