पूर्वग्रह, पूर्वाग्रह आणि हेत्वारोप

धुळ्याच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. ती अहिराणीवर (हिलाच खानदेशीही म्हणतात) शोधनिबंध लिहिते आहे आणि त्यातले तिचे एक वाक्य असे: 'ग्रियर्सन हे ब्रिटिश अधिकारी असल्याने त्यांचा पूर्वाग्रह स्पष्ट दिसतो, म्हणून अहिराणीविषयीचे त्यांचे मत ग्राह्य धरता येत नाही.' ग्रियर्सन म्हणजे ब्रिटिश काळात भारतातल्या भाषांचे सर्वेक्षण करणारे; त्यांनी अहिराणीला मराठीत धरले नाही. मार्गदर्शक मॅडमनी 'पूर्वाग्रह'खाली लाल रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला, 'हेत्वारोप'. पूर्वाग्रह चूक का आणि हेत्वारोप म्हणजे नेमके काय, असे तिने विचारले आहे.

लाल रेघेचे कारण सोपे आहे. मराठीतला शब्द पूर्वग्रह. ग्रह म्हणजे मनाने धरलेली समजूत. 'त्याचा असा ग्रह झाला', 'उगाच ग्रह करून घेऊ नकोस' असे आपण रोज म्हणतो. पूर्वाग्रह हा पूर्व आणि आग्रह मिळून झालेला, हिंदीत रुळलेला शब्द. रावेर-बऱ्हाणपूरच्या पट्ट्यात हिंदी कानावर सतत पडते, तेव्हा तो लेखणीत उतरतो यात नवल नाही. पण मराठीत हा भेद राखावा असे मला मनापासून वाटते. आग्रह माणूस जाणून धरतो. ग्रह त्याच्या नकळत होऊन बसतो. संशोधनात जास्त घातक ठरतो तो हा नकळत झालेला ग्रह.

समासातला शब्द मात्र थांबून वाचण्यासारखा आहे. हेतु अधिक आरोप, म्हणजे समोरच्याच्या म्हणण्यामागे वाईट उद्देश असल्याचा आरोप करणे. विधिमंडळाच्या बातम्यांत हा शब्द वाचलेला असेल. आता त्याचा शेजारी पाहा: हेत्वाभास. त्यातही हेतूच आहे, पण तो न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला हेतु. त्याचा अर्थ उद्देश नव्हे, तर सिद्धान्तासाठी दिलेले कारण. जे कारणासारखे भासते पण कारण नसते, तो हेत्वाभास. एखादे मत तपासताना आपण हेत्वाभास शोधायचे असतात. तुमच्या वाक्यात हेत्वारोप आहे. ग्रियर्सन कोण होते हे तुम्ही सांगितलेत. त्यांचे कारण काय होते आणि ते कुठे तुटते, हे सांगितलेच नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभासाचे पाच प्रकार आहेत. तुमच्या विषयाला त्यांतले दोन पुरे. पहिला सव्यभिचार: जे कारण साध्य (म्हणजे जे सिद्ध करायचे ते) असते तिथेही आढळते आणि नसते तिथेही. 'अहिराणीत नपुंसकलिंग आहे, म्हणून ती मराठीची बोली' असे कोणी म्हटले, तर नपुंसकलिंग गुजरातीतही आहे. हे कारण दोन्ही घरी जेवते, त्यावरून निर्णय होत नाही. दुसरा साध्यसम: जे कारण साध्यासारखे स्वतःच अजून सिद्ध व्हायचे असते, ते पुढे करणे. 'अहिराणी मराठीची बोली आहे, कारण ती मराठीतूनच निघाली.' असली वाक्ये आपल्या, म्हणजे अहिराणीला मराठीची बोली मानणाऱ्या बाजूच्या लिखाणातही सापडतात. ती तितक्याच कठोरपणे खोडायला हवीत.

आता ग्रियर्सन. १९०७ साली निघालेल्या त्यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशी ही भिल्ली बोलींबरोबर आहे, मराठीच्या खंडात नाही. तुम्हाला खटकते ते हेच. पण त्या मांडणीच्या बाजूने काय बोलता येते? अहिराणीत आपण 'रामना, रामनी, रामनं' म्हणतो; मराठीत 'रामचा, रामची, रामचं', गुजरातीत 'नो, नी, नुं'. षष्ठीचा प्रत्यय हा व्याकरणाचा गाभ्याचा भाग, शब्दांसारखा तो सहज उसना घेतला जात नाही. हा झाला पूर्वपक्ष. पूर्वग्रह आणि पूर्वपक्ष यांत 'पूर्व' तेवढा सारखा. पूर्वपक्ष म्हणजे खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे आपणच मांडणे, आणि तेही इतक्या ताकदीने की प्रतिपक्षाने वाचून 'हो, हेच माझे म्हणणे' असे म्हणावे.

मग उत्तरपक्ष. त्या सर्वेक्षणाची पद्धतच तपासा. जिल्हा अधिकाऱ्यांमार्फत नमुने मागवले गेले आणि सगळीकडे बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे भाषांतर करवले गेले. भाषांतर करणारा शिकलेला, लिहिता माणूस असणार. शेतात किंवा जात्यावर बोलली जाणारी अहिराणी त्यात किती उतरली असेल? हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यासाठी कोणाच्या मनात शिरावे लागत नाही. अशा दोषाला पूर्वग्रहही म्हणू नये. नमुना एकांगी आहे, माहितीचा कल एका बाजूला आहे, असे लिहावे. पूर्वग्रह माणसाला असतो, माहितीला कल असतो.

आकड्यांनाही हेच लागू. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली, बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार. हा आकडा 'अहिराणी वेगळी भाषा' म्हणणारे पुरावा म्हणून देतात. पण घरात 'तुन्हं नाव काय शे?' विचारणारे कितीतरी लोक गणनेवाल्यासमोर मातृभाषा 'मराठी' सांगतात. म्हणजे तो आकडा लोकांनी काय सांगितले ते दाखवतो; ती भाषा की बोली हे त्यावरून ठरत नाही.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली बोलींबरोबर ठेवले आहे. षष्ठीच्या प्रत्ययांवरून या वर्गीकरणाला आधार मिळतो. मात्र भाषांतरित नमुन्यांवर भर असल्याने नित्याच्या बोलण्यातील रूपे त्यात कितपत आली, हे तपासणे आवश्यक आहे.' आणि ते तपासायला साक्री, शिरपूर, अमळनेर, चाळीसगाव अशा निरनिराळ्या तालुक्यांतले बोलणे ध्वनिमुद्रित करा. बोलणाऱ्याचे वय, गाव आणि समाज यांची नोंद प्रत्येक नमुन्याखाली ठेवा, म्हणजे उद्या तुमच्याही निबंधाचा कल कोणाला तपासता येईल.