टायट्रेशनचे गुण कशाकशाला द्यायचे?

प्रश्न : बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी उत्तर बघून गुण देते. शेजारच्याचं रीडिंग उतरवणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतात. रुब्रिक (गुण देण्याच्या निकषांचा तक्ता) कसं बनवू?

उत्तर : जास्त गुण हाताच्या कामाला ठेवा. ऑक्झॅलिक ॲसिड आणि परमँगनेटच्या टायट्रेशनचे (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून तीव्रता काढण्याच्या प्रयोगाचे) १० गुण असे वाटा : ब्युरेट (खुणांची, तोटी असलेली काचनळी) भरणं २, अंतिम बिंदू (रंग बदलून प्रक्रिया पूर्ण झाल्याचं कळतं तो क्षण) ३, रीडिंग ३, आकडेमोड २.

तक्त्यात ‘चांगलं’, ‘बरं’ असे शब्द अजिबात नकोत. डोळ्यांना दिसेल तेच लिहा. अंतिम बिंदूचं बघा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला तर ३. रंग गडद झाला, म्हणजे थेंब जास्त पडले, तर २. द्रावण तपकिरी, गढूळ झालं तर १; इथे सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलेलं असतं, फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत तापवलेला नसतो किंवा परमँगनेट घाईने सोडलेलं असतं. कारण मुलाने स्वतः ओळखलं तर एक गुण वाढवाच.

परमँगनेट गडद असल्याने रीडिंग ब्युरेटमधल्या द्रावणाच्या वरच्या कडेवर घ्यायचं. बरीच मुलं सवयीने खालची वक्ररेषा शोधतात. दोन रीडिंगांत ०.१ मिलीहून जास्त फरक नको.

नक्कल थांबवायला शेजारच्या टेबलांना ऑक्झॅलिक ॲसिड थोड्या वेगळ्या तीव्रतेचं द्या. तक्ता मुलांना आधीच दाखवा.