प्रीमियर लीगबाहेरच्या एखाद्या छोट्या इंग्लिश फुटबॉल क्लबचा इतिहास सांगाल का?

मी योव्हिल टाउनचं नाव घेईन. बरीच वर्षं लांबूनच या क्लबचे निकाल बघत आलोय, त्यामुळे थोडा पक्षपात होणार हे धरून चाला.

आधी एक खुलासा. इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब असतात. त्यांच्या खालचे सगळे ‘नॉन-लीग’. तिथले बरेचसे खेळाडू पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी करणारे. पण एफए कपमध्ये, म्हणजे सगळ्या विभागांतल्या क्लबांसाठी खुल्या असलेल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, हेही उतरतात, आणि कोणाची गाठ कोणाशी पडेल हे चिठ्ठ्या काढून ठरतं. योव्हिलचं नाव झालं ते इथे.

योव्हिल हे नैऋत्य इंग्लंडमधल्या सॉमरसेटमधलं गाव. चामड्याचे हातमोजे शिवण्याचा धंदा इथला जुना, म्हणून क्लबचं टोपणनाव ‘ग्लव्हर्स’. गावाची दुसरी ओळख हेलिकॉप्टरची. मुंबईकरांनी कुलाब्याच्या आकाशात वर्षानुवर्षं पाहिलेली नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं इथल्याच वेस्टलँड कारखान्यात तयार झाली. वेस्टलँड सुरू केली पेटर्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने, आणि पेटर्सच्या कामगारांचा संघ १९१४ मध्ये योव्हिल टाउनमध्ये विलीन झाला होता. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत क्लबच्या नावात ‘पेटर्स’ होतंच.

आता २९ जानेवारी १९४९. कपच्या चौथ्या फेरीत योव्हिलच्या ह्यूश मैदानावर संडरलँड आलं. तोवर सहा वेळा इंग्लंडचं विजेतेपद मिळवलेला आणि पहिल्या विभागातून कधीच खाली न घसरलेला क्लब. त्यांच्याकडे लेन शॅकल्टन होता, वर्षभरापूर्वी २०,०५० पौंडांना घेतलेला. खेळाडूसाठी मोजलेल्या रकमेचा तेव्हाचा तो विक्रम. योव्हिल खेळत होतं सदर्न लीगमध्ये, म्हणजे नॉन-लीगमध्येच. नेहमीचा गोलकीपर जखमी, त्यामुळे गोलमध्ये उभा राहिला डिकी डाइक, वकिलाच्या कचेरीतला कारकून. व्यवस्थापक ॲलेक स्टॉक स्वतःच खेळायचा, आणि पहिला गोल त्यानेच मारला. उत्तरार्धात संडरलँडने बरोबरी केली. जादा वेळेत एरिक ब्रायंटने दुसरा गोल मारला. त्यात धुकं उतरायला लागलं, आणि सामना मध्येच थांबवतात की काय अशी धास्ती. नाही थांबला. योव्हिल २, संडरलँड १. सतरा हजारांवर माणसं होती त्या मैदानात.

पुढच्या फेरीत मँचेस्टर युनायटेडने त्यांना ८-० असं धुतलं. बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्डची पडझड झाल्यामुळे सामना मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर झाला. प्रेक्षक ८१,५६५, आणि एकट्या जॅक रोलीचे पाच गोल. स्टॉकने पुढे क्वीन्स पार्क रेंजर्सला १९६७ चा लीग कप मिळवून दिला, म्हणजे माणूस नशिबावर जगणारा नव्हता.

या विजयाचं श्रेय बरेच जण मैदानाला देतात. ह्यूश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सुमारे आठ फूट उतरतं होतं आणि त्या उताराची वर्तमानपत्रांत भरपूर चर्चा झाली. मला हे श्रेय जरा जास्तच वाटतं. उतार दोन्ही संघांना सारखाच असतो, आणि १९९० मध्ये क्लब ह्यूश पार्क या सपाट मैदानावर गेल्यानंतरही टॉर्की, कोल्चेस्टर, ब्लॅकपूल अशा लीगमधल्या संघांना त्यांनी हरवलंच. जुन्या ह्यूशच्या जागी आज टेस्कोचं सुपरमार्केट आहे.

एवढं सगळं करूनही लीगचा दरवाजा त्यांना बंदच होता. कारण त्या काळी खालून वर जायला मतं लागायची. तळाचे चार क्लब पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करायचे, बाहेरचे इच्छुकही अर्ज करायचे, आणि मतं देणारे कोण, तर आत बसलेलेच क्लब! ते बहुतेक वेळा एकमेकांना सांभाळून घ्यायचे. योव्हिलचे अर्ज वर्षानुवर्षं नाकारले गेले. १९८७ पासून पाचव्या विभागाचा विजेता थेट वर जायला लागला, तेव्हा योव्हिल नेमकं त्याच्याही खाली, इस्थमियन लीगमध्ये घसरलेलं होतं.

शेवटी २००३ मध्ये, गॅरी जॉन्सनच्या हाताखाली, ९५ गुण आणि १०० गोल करून ते लीगमध्ये शिरले. दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा १७ गुण पुढे. दोन वर्षांत आणखी एक पायरी वर. २०१३ मध्ये वेम्बलीवर ब्रेंटफर्डला २-१ हरवून थेट चँपियनशिपमध्ये, म्हणजे देशातल्या दुसऱ्या विभागात. त्या दिवशी दुसरा गोल मारणारा उसनवारीवर आलेला उंच बचावपटू म्हणजे डॅन बर्न. हो, २०२५ च्या लीग कप फायनलमध्ये न्यूकॅसलसाठी लिव्हरपूलविरुद्ध हेडर मारणारा तोच.

चँपियनशिपमध्ये योव्हिल एकच हंगाम टिकलं. ज्या स्पर्धेत बाकीच्यांचा पसारा कितीतरी मोठा, तिथे या गावाने वर्षानुवर्षं तग धरणं अवघडच होतं. लागोपाठ दोनदा घसरण, २०१९ मध्ये लीगबाहेर, २०२३ मध्ये त्याहून खाली सहाव्या विभागात. २०२४ मध्ये तो विभाग जिंकून ते पाचव्यात, नॅशनल लीगमध्ये परतले.

म्हणून कोणी योव्हिलचा सुवर्णकाळ विचारला, की मी २०१३ सांगत नाही. त्या वर्षी ते सगळ्यात वर पोचले हे खरं, पण ब्रेंटफर्डला हरवणं म्हणजे लीगमधल्या एका क्लबने दुसऱ्याला हरवणं. लीगबाहेर राहून लीगमधल्यांना घाम फोडणं त्यांच्याइतकं फार थोड्यांना जमलंय, आणि ते त्यांनी पन्नासेक वर्षं केलं.