पाहिलेल्या गोष्टीचे वाचन

प्रश्न : ‘नटरंग’ हा चित्रपट टीव्हीवर अनेकदा पाहिला आहे. आता वाचनालयात आनंद यादव यांची मूळ कादंबरी हाती लागली. कथा ठाऊक असताना ती वाचण्यात गोडी राहील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अवश्य राहील. २०१० च्या चित्रपटात आपल्या सोलापुरात वाढलेल्या अतुल कुलकर्णी यांनी कथानायक गुणा याच्या भूमिकेसाठी पहिलवानी देह कमावला आणि नाच्याच्या भूमिकेसाठी तोच उतरवला. हा बदल पडद्यावरच पाहावा. कादंबरीत मात्र त्याच्या मनाची घालमेल सावकाश उलगडते, आणि कागलच्या मातीतल्या या लेखकाची बोली मोठ्याने वाचल्यास अधिक खुलते. अडचण एवढीच, की गुणाचा चेहरा आता तुम्हाला कुलकर्णींचाच दिसेल. (आम्हालाही तोच दिसतो.) पुस्तक परतीच्या मुदतीआधी संपवा, पुढचे वाचक रांगेत असतात.