वाचक विचारतात : उड्डाण पाहायला लोक का जात?

माणसांना अंतराळात नेऊन परत आणणाऱ्या अमेरिकेच्या स्पेस शटल यानांविषयी आलेल्या पत्रांमध्ये यानापेक्षा ते पाहायला जमणाऱ्या माणसांबद्दलच अधिक कुतूहल दिसले. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : शटलची उड्डाणे दूरचित्रवाणीवर थेट दिसत असताना हजारो लोक फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर रात्र रात्र मोटारीत काढून ती पाहायला जात. जे पडद्यावर जवळून आणि स्पष्ट दिसते, ते वीस किलोमीटरवरून पाहण्यात काय विशेष?

उत्तर : पडद्यावर उड्डाण अधिक जवळून दिसते हे खरे, परंतु ते खरे दिसते असे मात्र म्हणता येत नाही. शटलच्या दोन्ही बाजूंच्या घन इंधनाच्या रॉकेटांमध्ये अॅल्युमिनियमची भुकटी असे, आणि तिच्या ज्वलनातून निघणारा प्रकाश वेल्डिंगच्या ठिणगीसारखा प्रखर असे. तो कॅमेऱ्यात मावत नाही. पडद्यावर त्या जागी केवळ एक पांढरा डाग उरतो. गंमत अशी की, यानाच्या शेपटीकडची तीन मुख्य इंजिने द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळत असल्यामुळे त्यांची ज्योत फिकट निळी, जवळजवळ पारदर्शक असे, आणि ज्या आगीच्या लोळाची छायाचित्रे आपण पाहत आलो तो सगळा त्या दोन रॉकेटांचा असे.

त्याहून मोठा फरक आवाजाचा. उड्डाणतळापासून सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरवर, पत्रकारांना उभे राहता येई. तिथे प्रकाश तत्क्षणी पोहोचे, पण आवाजाला पंधरा सेकंद लागत. इंडियन नदीच्या पलीकडच्या टायटसव्हिल गावातून पाहणाऱ्यांना तर जवळपास मिनिटभर संपूर्ण शांततेत ते यान वर चढताना दिसे. सुमारे दोन हजार टनांची वस्तू आगीवर उभी राहून आकाशात निघाली आहे आणि आपल्या कानावर शेजाऱ्याच्या श्वासाखेरीज काही पडत नाही, हा अनुभव कोणत्याही प्रक्षेपणात मिळत नाही, कारण तिथे ध्वनिग्राहक तळाजवळ ठेवलेला असतो आणि चित्र व आवाज एकदमच येतात. टायटसव्हिलला तो गडगडाट पोहोचेपर्यंत यान स्वतःच ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेले असे. म्हणजे लोक जे ऐकत ते यानाने केव्हाच मागे टाकलेले असे. जवळच्या अंतरावर त्या आवाजात जाड कापड फाडल्यासारखा तडतडाट असे. दूरवर वरच्या पट्टीतले स्वर हवेत शोषले जाऊन केवळ खालच्या पट्टीतली घरघर उरे, जी कानांपेक्षा छातीला अधिक जाणवे. घरातल्या दूरचित्रवाणी संचाच्या इवल्या ध्वनिवर्धकातून ती काढणे शक्यच नाही.

तरीही केवळ प्रकाश आणि आवाज यांच्यासाठी माणसे वारंवार आली असती, असे मला वाटत नाही. त्या यानात माणसे बसलेली असत आणि पुढच्या साडेआठ मिनिटांत ती कक्षेत पोहोचतील की नाही, हे पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक नसे. घन इंधनाची रॉकेटे एकदा पेटली की ती विझवता येत नसत. दोन मिनिटांनी ती जळून संपत आणि यानापासून सुटी होत. किनाऱ्यावरची अनुभवी मंडळी ती सुटी होईपर्यंत टाळ्या वाजवत नसत, विशेषतः 1986 मध्ये ‘चॅलेंजर’ हे शटल उड्डाणातच नष्ट झाल्यानंतर.

प्रश्न : 1981 ते 2011 या तीस वर्षांत शटलची 135 उड्डाणे झाली. प्रत्येक वेळी एवढीच गर्दी होत असे काय?

उत्तर : मुळीच नाही, आणि या विषयातली सर्वांत उद्बोधक गोष्ट हीच आहे. इंग्रजीतला ‘शटल’ हा शब्द मूळचा विणकराच्या मागावरचा; आपण ज्याला धोटा म्हणतो तो. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे न थांबता फिरणारी वस्तू, या अर्थाने पुढे तो फेऱ्या मारणाऱ्या वाहनाला लावला गेला. अंतराळात जाणे हे धोट्याच्या फेरीइतके नित्याचे व्हावे, अशी हे यान आखणाऱ्यांची इच्छा होती. ती पुरी होऊ लागल्यासारखे जेव्हा जेव्हा वाटले, तेव्हा तेव्हा लोकांनी पाठ फिरवली.

12 एप्रिल 1981 रोजी जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांना घेऊन ‘कोलंबिया’ पहिल्यांदा उडाले तेव्हा किनाऱ्यावर प्रचंड जनसमुदाय लोटला होता. या यानाची माणसांविना चाचणी झालेलीच नव्हती; पहिलेच उड्डाण माणसांसह होते. त्यानंतर चारच वर्षांनी, 1985 मध्ये, एका वर्षात नऊ उड्डाणे झाली आणि बातम्यांमधली त्यांची जागा आक्रसत गेली. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ उडाले तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्या ते थेट दाखवतही नव्हत्या. सीएनएन दाखवत होती, आणि क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिका यानात असल्यामुळे अनेक शाळांमध्ये मुलांना नासाचे प्रक्षेपण दाखवले जात होते.

पुढे गर्दीचे उधाण आले ते ठरावीक प्रसंगी. 29 सप्टेंबर 1988 रोजी, म्हणजे त्या अपघातानंतर अडीच वर्षांहून अधिक काळाने, ‘डिस्कव्हरी’ने पुन्हा झेप घेतली तेव्हा, 1998 च्या ऑक्टोबरात, पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन 77 व्या वर्षी पुन्हा अंतराळात निघाले तेव्हा, आणि 8 जुलै 2011 रोजी ‘अटलांटिस’ शेवटच्या फेरीवर निघाले तेव्हा. त्या शेवटच्या दिवशी दहा लाखांच्या आसपास लोक येतील असे अंदाज वर्तवले गेले होते. मधल्या कित्येक उड्डाणांना मात्र परिसरातले रहिवासी घराच्या अंगणात येऊन वर पाहत आणि पुन्हा कामाला लागत. यावरून लोकांना चंचल म्हणावे असे मला वाटत नाही. जे पुन्हा घडेलच असे वाटत नाही ते पाहायला माणूस जातो, आणि शटलच्या बाबतीत त्याची ही शंका दोनदा, ‘चॅलेंजर’ आणि पुढे ‘कोलंबिया’च्या वेळी, भयंकर रीतीने खरी ठरली.

प्रश्न : दुसऱ्या देशांतून सुट्टी काढून आलेली माणसे उड्डाण रद्द झाल्यामुळे हात हलवत परत जात. निरभ्र आकाश असतानाही उड्डाणे का पुढे ढकलली जात?

उत्तर : कारण पाहणाऱ्यांच्या डोक्यावरचे आकाश हे विचारात घ्यायच्या अनेक आकाशांपैकी एकच असे. उड्डाणानंतर पहिल्या काही मिनिटांत इंजिन बिघडले तर यानाला वळून तळाजवळच्याच धावपट्टीवर उतरावे लागणार होते. त्यामुळे तिथे आडवा वारा किंवा खालचे ढग असून चालत नसे. आणखी थोड्या वेळाने बिघाड झाला तर अटलांटिक महासागर ओलांडून स्पेन किंवा फ्रान्समधल्या ठरलेल्या तळावर उतरायचे असे. तेव्हा तिथल्याही एका ठिकाणी हवा चांगली असावी लागे. फ्लोरिडाच्या उन्हात बसलेल्या माणसाला स्पेनमधल्या पावसामुळे घरी जावे लागणे, यात म्हणूनच काही विसंगत नव्हते.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे जायचे असेल तर वेळेचे बंधन अधिकच कडक होई. पृथ्वी फिरता फिरता उड्डाणतळ स्थानकाच्या कक्षेच्या प्रतलाखाली येतो तेवढ्याच अवधीत निघावे लागे, आणि ही संधी दिवसातून जेमतेम दहा मिनिटांची असे. ती हुकली की पुढचा दिवस. 2009 मध्ये ‘एंडेव्हर’चे उड्डाण पाच वेळा पुढे गेले, दोनदा हायड्रोजनच्या गळतीमुळे आणि तीनदा हवामानामुळे, सहाव्या खेपेस, 15 जुलैला, ते निघाले. 1995 मध्ये तर सुतार पक्ष्यांनी ‘डिस्कव्हरी’च्या इंधनाच्या बाह्य टाकीवरच्या फेसाच्या आवरणाला दोनशेच्या आसपास भोके पाडली आणि सगळे यान दुरुस्तीसाठी जुळणी-इमारतीत परत न्यावे लागले. त्यानंतर पक्ष्यांना घाबरवायला तळावर प्लास्टिकची घुबडे बसवली गेली. जगातले सर्वांत गुंतागुंतीचे यंत्र आणि त्याच्या राखणीला बुजगावणे!

सर्वांत जीवघेणी प्रतीक्षा अगदी शेवटच्या क्षणांची असे. मुख्य इंजिने उड्डाणाच्या सुमारे साडेसहा सेकंद आधी पेटत, त्या जोराने संपूर्ण यान किंचित झुके आणि पुन्हा सरळ होई, आणि ते सरळ होताच घन रॉकेटे पेटत. या साडेसहा सेकंदांत संगणकाला काही वावगे आढळले तर तो इंजिने बंद करी. असे पाच वेळा घडले. त्यातले पहिले 26 जून 1984 चे. धूर उठला, लोक उभे राहिले, आणि यान जागच्या जागीच राहिले. शेवटच्या ‘अटलांटिस’नेही प्रेक्षकांची परीक्षा पाहिलीच. मोजणी 31 सेकंदांवर थांबली, टाकीच्या टोकावरची, वायू बाहेर जाऊ देणारी यांत्रिक भुजा नीट मागे गेली आहे याची कॅमेऱ्याने खात्री करून घेण्यात आली, आणि मगच पुढचे आकडे मोजले गेले. त्या दिवशी हवामान अनुकूल असण्याची शक्यता केवळ 30 टक्के वर्तवलेली होती.

प्रश्न : ‘चॅलेंजर’मधील सात जणांचा मृत्यू लोकांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यानंतरही उड्डाण पाहायला जाणे हे अपघाताची वाट पाहण्यासारखे नव्हते का? आणि अशी उड्डाणे बंद दाराआड करणे अधिक सभ्यपणाचे ठरले नसते का?

उत्तर : पत्रलेखकाचा प्रश्न कठोर आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. उड्डाणानंतर 73 सेकंदांनी ‘चॅलेंजर’ हवेतच विखुरले तेव्हा तळावर अंतराळवीरांचे नातेवाईक आणि मॅकऑलिफ यांच्या मुलाचे वर्गमित्रही हजर होते. दोन दिशांना फाकलेला धूर पाहून ही रॉकेटे वेगळी होण्याचीच नेहमीची क्रिया असावी, असे अनेकांना काही क्षण वाटले, आणि काय घडले आहे याचा उलगडा त्यांना हळूहळू, एकमेकांच्या चेहऱ्यांकडे पाहत झाला. हे ज्यांनी पाहिले त्यांना पुन्हा ते पाहायची इच्छा असेल, हे मला पटत नाही. एखाद्याच्या मनात तसले कुतूहल नसेलच, असे म्हणण्याचे धाडस मात्र मी करणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नासाची स्थापना 1958 च्या ज्या कायद्याने झाली त्या कायद्यातच, आपल्या कार्याची माहिती शक्य तितक्या व्यापक प्रमाणात लोकांपर्यंत पोहोचवावी, असे बंधन घातलेले आहे. त्या काळी सोव्हिएत संघात नेमके उलट चालत असे. 1961 मध्ये युरी गागारिन कक्षेत पोहोचल्यानंतरच जगाला ते कळवण्यात आले. अपयश लोकांसमोर येऊ शकेल अशा रीतीनेच यश मिळवायचे, ही अमेरिकेने जाणूनबुजून पत्करलेली जोखीम होती, आणि किनाऱ्यावरची गर्दी हा तिचाच एक भाग होता. संरक्षण खात्याच्या काही मोहिमा गुप्त ठेवण्याचा प्रयत्न झाला. जानेवारी 1985 मधल्या तशा पहिल्या मोहिमेची वेळ शेवटच्या नऊ मिनिटांपर्यंत जाहीर केली नव्हती. पण जी वस्तू शेकडो किलोमीटरवरून दिसते तिच्यात माल काय आहे एवढेच लपवता येते, तिचे जाणे लपवता येत नाही. उड्डाण बंद दाराआड झाले असते तरी अंतराळवीरांचा धोका रतिभरही कमी झाला नसता; कमी झाले असते ते त्या धोक्याविषयी प्रश्न विचारणारे साक्षीदार.

प्रश्न : रात्रीचे उड्डाण अधिक सुंदर दिसे असे वाचले. मग सगळीच उड्डाणे रात्री का करत नसत?

उत्तर : वेळ प्रेक्षकांसाठी नव्हे, तर कक्षेसाठी निवडली जाई. पहिले रात्रीचे उड्डाण 30 ऑगस्ट 1983 चे, ‘चॅलेंजर’चे. ‘कोलंबिया’ 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या वाटेवर नष्ट झाले, ते टाकीवरून निखळलेल्या फेसाच्या तुकड्याने पंखाला पडलेल्या भगदाडामुळे. त्यानंतर काही काळ उड्डाणे दिवसाच करण्याचा नियम होता, कारण असा तुकडा निखळला तर तो कॅमेऱ्यांना दिसायला हवा होता. 9 डिसेंबर 2006 रोजी ‘डिस्कव्हरी’ने त्यानंतरचे पहिले रात्रीचे उड्डाण केले, सुनीता विल्यम्स यांची ती पहिली अंतराळयात्रा. अशा वेळी ढगांच्या खालच्या बाजू नारिंगी होऊन क्षणभर अवेळी पहाट फुटल्यासारखे वाटे. स्थानकाकडे निघालेले यान ईशान्येला, किनाऱ्याला समांतर जात असल्यामुळे फ्लोरिडाच्या पुष्कळ उत्तरेकडच्या राज्यांतूनही आकाशात सरकणाऱ्या ताऱ्यासारखे दिसे.

प्रश्न : आता शटल पाहायचे असेल तर?

उत्तर : उडताना ते आता दिसणार नाही. उरलेल्या तीन यानांपैकी ‘डिस्कव्हरी’ राजधानी वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात, ‘एंडेव्हर’ लॉस एंजेलिसला आणि ‘अटलांटिस’ फ्लोरिडातच केनेडी अंतराळ केंद्रात ठेवलेले आहे. 2012 मध्ये ‘डिस्कव्हरी’ आणि ‘एंडेव्हर’ ही याने बोइंग 747 च्या पाठीवरून शहरांवरून नेण्यात आली तेव्हा लोक रस्त्यांवर आणि गच्च्यांवर उभे होते. ‘एंडेव्हर’ तर लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून गोगलगाईच्या गतीने नेले गेले आणि तेही पाहायला झुंबड उडाली. केनेडी केंद्र ज्या ब्रेव्हर्ड परगण्यात आहे, तिथल्या दूरध्वनींचा विभाग-क्रमांक उलट मोजणीवरून 321 ठेवलेला आहे. ‘अटलांटिस’ही तिथे जमिनीवर टेकवलेले नाही, पाठीवरची मालकक्षाची दारे उघडी ठेवून ते 43.21 अंशांत (पुन्हा तीच उलट मोजणी : 4-3-2-1) कलते टांगले आहे.