डिलिरियम, म्हणजे तास सुटणे

आजोबांच्या डिस्चार्ज कार्डावर 'डिलिरियम' लिहिलंय, मोबाइलने त्याचा अर्थ 'उन्माद' दाखवला आणि घरात सगळे धास्तावलेत, असं तुम्ही लिहिलंय. तो 'उन्माद' आधी डोक्यातून काढून टाका. तो वेगळा आजार. डिलिरियम म्हणजे आजारपणात अचानक भान सुटून बोलणं-वागणं भरकटणं.

शब्द लॅटिन आहे आणि थेट शेतातला आहे. नांगरताना दोन तासांच्या, म्हणजे नांगराने पडलेल्या सऱ्यांच्या, मध्ये जो मातीचा वरंबा उभा राहतो, तो 'लीरा'. 'दे' म्हणजे पासून, बाहेर. 'देलीरारे' म्हणजे औत ओळ सोडून भलतीकडे जाणं. तिथून मग बोलणं भरकटणाऱ्या माणसालाही तो शब्द लागला. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाच्या वैद्यकग्रंथात 'डिलिरियम' आजाराच्या संदर्भात आलेला आहे. (इटलीच्या जुन्या लीरा नाण्याचा याच्याशी संबंध नाही, ते 'लिब्रा' या वजनावरून आलं.) रोमन लोकांच्या भाषेला मातीचा वास फार. कवितेच्या ओळीला ते 'वेर्सुस' म्हणत, तोही मुळात नांगर वळवण्याचा शब्द.

आपल्याकडे जुनी माणसं 'वात झालाय', 'वातात बरळतोय' म्हणायची. पोथीतला शब्द सन्निपात, म्हणजे तिन्ही दोष एकदम बिघडणं. 'उन्माद'पेक्षा हे कितीतरी जवळचं.

माझ्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दिवसा ठीक होते. तिसऱ्या रात्री चादरीवरचे नसलेले धागे चिमटीने वेचायला लागले. मग सलाइनची नळी कासऱ्यासारखी ओढत, 'अरे, उजवा बैल तास सोडतोय, दिसत नाही का तुला?' बैल विकून बारा वर्षं झाली होती. मी रडकुंडीला आलो. चादर चिवडणारे, हवेत काहीतरी पकडू पाहणारे हात हिप्पोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावरच्या ग्रंथातही नोंदलेले आहेत, हे मला नंतर कळलं. वडिलांच्या बाबतीत निघालं काय, तर लघवीचा संसर्ग आणि रक्तातलं सोडियम उतरलेलं. दोन्ही ताळ्यावर आल्यावर आठवड्याभरात तेही आले. त्या रात्रीचं त्यांना काही आठवत नव्हतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, तर नाही ना? तोही लॅटिनच, 'दे' आणि 'मेन्स' म्हणजे मन. पण तो वर्षानुवर्षं हळूहळू उतरत जातो. डिलिरियम काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत येतो. सकाळी माणूस नीट, रात्री अनोळखी, लक्ष एका जागी टिकत नाही. डिमेन्शिया आधीच असेल तर त्यावरही तो येऊ शकतो, म्हणून आजोबा महिन्याभरापूर्वी कसे होते, ते डॉक्टरांना नीट सांगा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही न्या, झोपेची गोळी असेल तर तीसुद्धा. आणि सगळेच आरडाओरडा करतात असं नाही. काही जण नुसते गुंगीत पडून राहतात, आणि ते घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

घरी चष्मा आणि कानाचं यंत्र आठवणीने लावा, पाणी पाजत राहा, शौचाला होतंय ना ते बघा. दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार. बरळले तर वाद घालू नका, वार आणि जागा शांतपणे सांगा. पूर्ण सावरायला कधी काही आठवडे, कधी महिनेही लागतात. पुन्हा अचानक तसं झालं, तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.